चुकणं आणि हरवणं

स्टीफन किंगची ‘द गर्ल हू लव्ह्ड टॉम गॉर्डन’ तिसऱ्यांदा वाचून झाली. या खेपेला एकटीने नाही वाचली. आमच्या वाचनगटातल्या सहाजणींनी बरोबर वाचली, पुतणीने एका रात्रीच्या रेल्वेप्रवासात संपवली आणि आईला मी ती रोज दिवेलागणीला थोडी थोडी सांगितली. आईला इंग्रजी येत नाही, आणि मराठीही आता डोळ्यांमुळे वाचवत नाही. जिने जे म्हटलं ते या वहीत उतरवून ठेवते आहे.

*

गोष्ट थोडक्यात. नऊ वर्षांची ट्रिशा मॅक्फार्लंड आई आणि मोठा भाऊ पीट यांच्यासोबत अमेरिकेत पश्चिम मेनमध्ये ॲपलेशियन ट्रेल या पायवाटेच्या एका तुकड्यावर चालायला येते. आईवडिलांचा घटस्फोट झालेला आहे. वडील दुसऱ्या राज्यात राहतात. पीटला नवं गाव, नवी शाळा नकोशी झाली आहे. तो आणि आई तावातावाने भांडत पुढे चालले आहेत आणि मागे कुणी बघत नाही. ट्रिशाला लघवीला लागते म्हणून ती वाटेवरून बाजूला झाडीत शिरते. वाटेला मघाशी फाटा फुटला होता, तेव्हा मधूनच तिरकं गेलं की दोघांना गाठू, असा तिचा हिशोब. या एका हिशोबावर पुढचं सगळं पुस्तक उभं आहे.

*

गटातली पहिली तक्रार: ‘काही घडतच नाही हो. दोनशे पानं एकटी मुलगी चालतेय.’

दुसरीने लगेच उत्तर दिलं, ‘मला तर दर पानाला वाटत होतं, आता नको चालूस, बस खाली.’

दोघींचंही खरं आहे. किंगच्या जाडजूड कादंबऱ्यांची सवय असलेल्याला हे पुस्तक बारीक वाटतं. खून नाही, कट नाही. बोलायला दुसरं माणूस नाही. पण उत्कंठेची एक जुनी युक्ती त्याने इथे फार नेमकी वापरली आहे. ट्रिशाला जे ठाऊक नाही, ते निवेदक आपल्या कानात सांगतो. ती एका दिशेला वळते, आणि आपल्याला कळतं की उलट वळली असती तर माणसांत पोचली असती. शोध घेणारे कुठे आहेत हे आपल्याला कळतं, आणि ती तिथून किती लांब गेली आहे हेही. मधेच पोलिसांना एक निनावी फोन येतो, मुलीला कुणी पळवून नेलं म्हणून, आणि शोधाचा रोख भलतीकडे जातो. आपण हे वाचत बसलेले असतो आणि तिला सांगायची सोय नसते.

*

मराठीत दोन क्रियापदं आहेत आणि मला वाटतं या गोष्टीला दोन्ही लागतात. चुकणं आणि हरवणं. वाट चुकतो तो चालणारा. ‘मी वाट चुकले’ असं स्वतः म्हणता येतं. हरवणं मात्र मागे राहिलेल्यांच्या तोंडी येतं. ‘आमचं पोर हरवलं’ असं आई म्हणते, पोर म्हणत नाही. कवितेतली ‘मी हरवले’ ही गोष्ट निराळी.

ट्रिशा सुरुवातीला नुसती चुकलेली आहे. तिची आई आणि भाऊ भांडण संपवून मागे वळतील तेव्हाच ती हरवेल. त्या दोहोंमधला वेळ किंगने ताणून ताणून लिहिला आहे, आणि पुढे जे अक्राळविक्राळ येतं त्यापेक्षा मला तीच पानं जास्त भीतीची वाटतात. ती ओरडते, गप्प होते, स्वतःला समजावते, पुन्हा ओरडते. तिकडे मात्र अजून काहीच झालेलं नाही.

*

आईचा पहिला प्रश्न: ‘तिच्याजवळ पाणी किती होतं?’

मी पिशवीतलं सांगितलं. एक उकडलेलं अंडं, ट्यूना माशाचं सँडविच, सेलरीच्या काड्या, बटाट्याचे वेफर्स, ट्विंकीज म्हणजे मलईचे छोटे केक, पाण्याची बाटली आणि सर्ज नावाच्या थंड पेयाची बाटली. शिवाय पावसाळी अंगरखा.

आईने बोटांवर मोजलं. ‘अंडं पहिल्या दिवशी खावं. केक राखून ठेवावे. गोड तहान वाढवतं, पण जीव धरून ठेवतं.’ मग दुसऱ्या संध्याकाळी मी गोष्ट सुरू करायच्या आधीच तिने विचारलं, ‘केक उरलेत ना?’

आमच्या गटात पिशवीचा विषय कुणीच काढला नव्हता.

*

पुढे ट्रिशा ओढ्याचं पाणी पिते आणि रात्रभर ओकारी-जुलाबांनी हैराण होते. गटातल्या एका बाईंना हे वर्णन किळसवाणं वाटलं, लेखकाने टाळायला हवं होतं असं त्यांचं मत. मला नाही पटत. रानात चुकलेल्या माणसाला मारणारी संकटं बहुधा अशीच साधी असतात. थंडी, ओलावा, तहान, पोट. डास आणि गांधिलमाश्या तर या पुस्तकात पानापानावर आहेत. गांधिलमाश्यांनी फोडून काढल्यावर ट्रिशा तोंडाला चिखल थापते. अंगावर चिखल वाळलेली ती मुलगी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. किंगने तिला गोंडस ठेवलं नाही, हा त्याने तिला दिलेला मान आहे.

*

बेसबॉल.

जवळजवळ प्रत्येकीने इथेच हात टेकले. या कादंबरीत प्रकरणं नाहीत, डाव आहेत. पहिला डाव, दुसरा डाव, असे नऊ. मुलगी नऊ वर्षांची आणि डावही नऊ. ट्रिशाजवळ एक वॉकमन आहे, त्यात रेडिओ लागतो, आणि रात्री ती बॉस्टन रेड सॉक्सच्या सामन्यांचं समालोचन ऐकते. जो कॅस्टिलिओनी आणि जेरी ट्रुपियानो हे तेव्हाचे खरेखुरे समालोचक पुस्तकात त्यांच्याच नावाने बोलतात. एकीने प्रामाणिकपणे सांगितलं की सामन्याची पानं तिने उलटून टाकली.

मी आईला सांगताना घाबरतच त्या भागाशी आले. आईला मात्र काहीच अडलं नाही. ‘म्हणजे ट्रान्झिस्टर’, ती म्हणाली. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत तेव्हा ती स्वयंपाकघरात असायची. क्रिकेटचे नियम तिला आजही येत नाहीत. पण सामना आपल्याकडून आहे की विरुद्ध गेला, हे तिला नुसत्या आवाजावरून कळायचं, आणि त्यावरून रात्री दादा जेवतील की नाही तेही.

‘पोरीला खेळ कुठे ऐकायचा होता’, आई म्हणाली. ‘माणसं ऐकायची होती.’

मी तीनदा पुस्तक वाचून जे शोधत होते ते हे.

*

टॉम गॉर्डन खरा खेळाडू आहे. रेड सॉक्सचा तेव्हाचा गोलंदाज म्हणू या, म्हणजे आपल्याला समजेल. त्याचं काम अगदी शेवटी येऊन सामना मिटवण्याचं. १९९८च्या मोसमात त्याने असे ४६ सामने राखले. तो मोसम आणि पुढच्या मोसमाचा काही भाग धरून लागोपाठ ५४ वेळा संधी मिळाली आणि ५४ वेळा त्याने ती साधली. सामना संपला की तो बोट आकाशाकडे करायचा. ट्रिशाच्या टोपीवर त्याची सही आहे. रानात तो तिच्या सोबतीला येतो, आधी कल्पनेत, मग भासात, आणि तिच्याशी बोलतो. फार बोलत नाही.

*

टॉमच्या या सामना राखण्याला बेसबॉलमध्ये ‘सेव्ह’ म्हणतात. संघ थोडक्या धावांनी पुढे आहे, शेवटचा डाव आहे, अशा वेळी येऊन ती आघाडी हातची जाऊ न देणं. इंग्रजीत तोच शब्द जीव वाचवण्याचाही. ट्रिशा मनाशी पैज लावते: आज टॉमने सामना वाचवला, तर मीही वाचेन.

मराठीत हा श्लेष उतरेल का यावर मी खूप घोटाळले. ‘सामना वाचवला’ असं आपण म्हणतो, पण क्रिकेटमध्ये त्याचा अर्थ हरता हरता अनिर्णित राखला, असा होतो. बेसबॉलमधलं वाचवणं निराळं, हातात आलेलं निसटू न देणं. आणि आश्चर्य म्हणजे ट्रिशाच्या बाबतीत मला मराठी अर्थच जास्त लागू वाटतो. ती जिंकत कुठे असते? एकेक रात्र हरू देत नाही, इतकंच.

आता कुणी हे पुस्तक मराठीत आणलं, तर टीप न देता तो शब्द तसाच ‘वाचवणे’ ठेवावा, असं माझं मत.

*

पुस्तक एप्रिल १९९९मध्ये आलं. त्यानंतर अडीच महिन्यांत, १९ जूनला, मेनमधल्याच लॉव्हेल गावाजवळ रस्त्याच्या कडेने चालताना किंगला एका व्हॅनने उडवलं आणि तो मरता मरता वाचला. त्याच वर्षी गॉर्डनचं कोपर दुखावलं. २००४ साली तो रेड सॉक्सच्या हाडवैऱ्यांकडे, न्यूयॉर्क यांकीजकडे खेळत होता, आणि त्याच वर्षी यांकीजना हरवून पुढे गेलेल्या रेड सॉक्सनी १९१८नंतर पहिल्यांदा जगज्जेतेपद मिळवलं. ट्रिशा तेव्हा पंधरा वर्षांची असेल. तिला काय वाटलं असेल, हा विचार मी बराच वेळ करत बसले होते.

*

आता वादाचा मुद्दा. शेवट सांगितल्यावाचून त्यावर बोलता येत नाही, म्हणून सांगते.

रानात तिच्या मागावर काहीतरी आहे. झाडांवर नखांचे ओरखडे आहेत, फाडलेलं हरीण आहे, रात्री कुणीतरी तिच्याभोवती फिरून गेल्याच्या खुणा आहेत. तापात तिला तीन आकृत्या दिसतात. त्यातली एक गांधिलमाश्यांनी भरलेली. ती म्हणते, मी हरवलेल्यांच्या देवाकडून आले आहे. शेवटी ट्रिशा आणि ते समोरासमोर येतात, आणि ते अस्वल असतं. किंवा अस्वलाच्या रूपातलं आणखी काही. ती गोलंदाजासारखा पवित्रा घेते आणि हातातला वॉकमन फेकून मारते. त्याच वेळी बिनहंगामी शिकारीला निघालेला एक माणूस गोळी झाडतो.

गटात सरळ दोन तट पडले. तिघींचं म्हणणं, राक्षसाची गरजच नव्हती, रान पुरेसं होतं. किंगला स्वतःच्या नावाला जागायचं होतं म्हणून त्याने भूत आणलं. दोघींचं उलट: इतकी पानं दबा धरून बसवलंत आणि शेवटी नुसतं अस्वल? फसवलं! सहावी गप्प होती. ती बालविभागात परिचारिका होती, बत्तीस वर्षं. तिने एवढंच सांगितलं की ताप चढलेली मुलं खोलीच्या कोपऱ्यात कुणीतरी उभं आहे असं सांगतात, आणि तिथे कुणी नाही म्हणून समजावण्यात वेळ घालवायचा नसतो, हात धरून बसायचं असतं.

त्यानंतर मी माझं मत बदललं. पहिल्या दोन वाचनांत मीही ‘रान पुरेसं होतं’ असं म्हणणाऱ्यांत होते. आता वाटतं, ट्रिशाला भीतीशी लढायला भीतीला तोंड असावं लागतं. थंडीवर वॉकमन फेकता येत नाही. नऊ वर्षांच्या मनाने जे केलं ते किंगने निमूटपणे लिहून काढलं, आणि ते खरं की खोटं याचा निवाडा केला नाही.

ट्रिशाच्या वडिलांनी तिला एकदा देवाविषयी सांगितलेलं असतं. देव आहे की नाही ठाऊक नाही, पण ऐकू येण्याच्या थोडं खाली काहीतरी गुणगुणत असतं, घरातल्या फ्रिजसारखं, बंद पडल्यावरच जाणवणारं. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. ‘बरोबर आहे’, म्हणाली.

*

पुतणी गिर्यारोहण करते. तिचा अभिप्राय तीन ओळींचा, मोबाइलवर आला: ‘मुलगी ग्रेट. निर्णय सगळे चुकीचे. पहिल्या तासात जागेवर बसली असती तर संध्याकाळी घरी.’

घरी आली तेव्हा तिने समजावलं. अमेरिकेत मुलांना यासाठी एक साधी गोष्ट शिकवतात: झाडाला मिठी मार. १९८१ साली कॅलिफोर्नियातल्या पालोमार डोंगरावर नऊ वर्षांचाच एक मुलगा चुकला. शेकडो माणसं शोधत होती, पण तो जिवंत सापडला नाही. त्या शोधात असलेला सीमा गस्त दलाचा माग काढणारा माणूस, ॲब टेलर, याच्या मनातून ते जाईना. त्याने आणखी काहींना सोबत घेऊन शाळाशाळांतून हा धडा सुरू केला. चुकलास की एक झाड धर, तिथून हलू नकोस, त्याच्याशी बोल हवं तर. शिट्टी जवळ ठेव. मोठी प्लॅस्टिकची पिशवी ठेव, ती अंगात घालता येते.

झाडाशी बोल, हे मला फार आवडलं. माग काढण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला कळलं होतं की मूल एकटं पडलं की चालत सुटतं, आणि सोबत आहे असं वाटलं की थांबतं.

*

‘पाणी खाली जातं, खाली माणसं असतात’, अशी एक समजूत आहे. ट्रिशाही याच समजुतीने ओढ्याच्या कडेने जाते. ओढा तिला दलदलीत नेऊन सोडतो.

याच मेन राज्यात जुलै १९३९मध्ये डॉन फेंडलर नावाचा बारा वर्षांचा मुलगा कटाडिन पर्वतावर, माथ्याजवळच्या ढगांत, सोबत्यांपासून सुटला. नऊ दिवस एकटा होता. बूट गेले, पॅन्ट गेली. तो पाण्याच्या कडेने उतरत राहिला आणि पेनॉब्स्कॉट नदीच्या पूर्वेकडच्या फाट्याकाठी एका तळावरच्या माणसाला दिसला. त्याची हकिगत त्याच वर्षी पुस्तकरूपाने आली आणि मेनच्या शाळांत मुलं ती पिढ्यानपिढ्या वाचत आली. फेंडलर म्हातारपणापर्यंत शाळांत जाऊन मुलांशी बोलत असे. २०१६ साली नव्वदीत वारला. मेनमध्ये राहून चुकलेल्या मुलाची गोष्ट लिहिणारा माणूस त्या हकिगतीच्या सावलीतच लिहिणार. ओढ्याने एकाला तारलं, किंगने तोच ओढा घेतला आणि तिला दलदलीत नेलं.

*

चकवा.

मेनची गोष्ट सांगता सांगता हा शब्द माझ्या तोंडून आपोआप गेला, आणि आईला वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही. रात्री रानातून येणारा माणूस चालत राहतो, चालत राहतो, आणि पहाटे बघतो तर त्याच वडाखाली. आपल्याकडे म्हणतात, चकवा लागला. त्यावरचा जुना उपाय: चालणं सोड, खाली बस, उजाडू दे.

२००९ साली जर्मनीतल्या ट्यूबिंगनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान सौमन यांनी सहकाऱ्यांबरोबर माणसांना मुद्दाम रानात सोडून पाहिलं. बीनवाल्डचं जंगल, सपाट आणि दाट. काहीजणांना ट्युनिशियाच्या सहारा वाळवंटात. सगळ्यांना सांगणं एकच: सरळ चाला. ऊन होतं तेव्हा माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरलं की गोल फिरू लागली. स्वतःचीच वाट ओलांडली तरी त्यांना कळेना. डोळे बांधल्यावर तर काहीजणांचं वर्तुळ वीस मीटरपर्यंत आवळलं. एक पाय आखूड असतो म्हणून माणूस गोल फिरतो, ही समजूत त्यात टिकली नाही. ‘सरळ’ कुठे आहे याची जाणीवच पावलागणिक थोडी थोडी ढळत जाते, आणि सूर्य किंवा डोंगर दिसला नाही तर ती दुरुस्त होत नाही.

आईला हे सांगितलं. ती म्हणाली, ‘मग खाली बसायचं, हेच ना?’

हेच.

*

गटातलं खरं भांडण राक्षसावरून झालं नाही, आईवरून झालं. ट्रिशाची आई, क्विला. ‘असली कसली आई? किती वेळ मागे बघितलं नाही!’ एकीने म्हटलं आणि दुसरी उसळली. वडील तर जागेवरही नव्हते. तरी पुस्तकभर मुलगी त्यांच्या आठवणीने हळवी होते, त्यांनी दिलेली टोपी घालते, त्यांच्या आवडीचा खेळ ऐकते. आणि रोज डबा भरणारी, शनिवार-रविवार मुलांना बाहेर नेणारी आई मात्र दोषी? आवाज इतके चढले की चहा तसाच राहिला.

मी त्या वेळी बोलले नाही, इथे लिहिते. किंग क्विलाला दोष देत नाही. दोन मुलांना एकटीने ओढून नेणारी बाई मोठ्याशी वाद घालत असताना धाकटी शहाणी आहे असं गृहीत धरते. दर घरातली धाकटी मुलगी अशी गृहीत धरलेली असते. ट्रिशाला त्याचा रागही आहे. मागे पडण्यात तिचा किंचित रुसवाही असावा. बघू, आपण नाही हे यांना कधी कळतं!

*

पुस्तकाबाहेरची एक गोष्ट, कारण ती वाचल्यापासून मला या कादंबरीचा पहिला डाव पूर्वीसारखा वाचता येत नाही. २०१३च्या उन्हाळ्यात मेनमध्ये याच ट्रेलवर एक अनुभवी बाई ट्रिशाच्याच कारणासाठी वाटेवरून बाजूला गेल्या आणि त्यांना परत वाट सापडली नाही. मोबाइलवरून पाठवलेले निरोप पोचलेच नाहीत. काही आठवडे त्या तग धरून होत्या. दोन वर्षांनी त्यांचा तंबू मिळाला, वाटेपासून फार लांब नव्हता.

जॉर्जियापासून कटाडिनपर्यंत सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची वाट, पण तिची रुंदी एका माणसाएवढी.

*

गॅरी पॉल्सनच्या ‘हॅचेट’मधल्या तेरा वर्षांच्या ब्रायनला कॅनडाच्या रानात कुऱ्हाडीची साथ मिळते. तिच्या जोरावर तो आग करतो, आसरा करतो, शिकार करतो. शाळांत ते पुस्तक वाचायला लावतात आणि ते चांगलंच आहे. ट्रिशाला आवाज मिळतो. त्याने आग पेटत नाही आणि पोट भरत नाही. बॅटरी संपू नये म्हणून ती तो आवाजही मोजून मापून ऐकते. पुतणीला ब्रायन आवडतो. मला ट्रिशा.

*

‘नऊ वर्षांची मुलगी असा विचार करेल का?’ हा आक्षेप तिघींनी घेतला. काही ठिकाणी किंगची प्रौढ बोलण्याची ढब तिच्या तोंडी येते, हे मान्य. पण एकटी पडलेली मुलं घरातल्या मोठ्यांच्या वाक्यांत बोलतात, हेही मी पाहिलं आहे. ट्रिशाच्या तोंडी तिची वात्रट मैत्रीण पेप्सी रोबिशो येते, वडील येतात, आईचे टोमणे येतात. ती त्या सगळ्यांना आळीपाळीने बोलायला लावते. रान गप्प असतं, म्हणून ही गर्दी.

*

शोध घेणाऱ्यांना एक विचित्र अडचण येते. मुलं लपतात. नाव घेऊन हाका मारणाऱ्या अनोळखी माणसांना ती उत्तर देत नाहीत. २००५ साली युटामध्ये चार दिवसांनी सापडलेला मुलगा शोधपथकं दिसली की वाटेवरून बाजूला होत असे. अनोळखी माणसाशी बोलायचं नाही, हे त्याला घरी शिकवलेलं. म्हणून झाडाला मिठी मारायला शिकवणारे हेही शिकवतात की तुला शोधणारे तुझ्यावर रागावलेले नसतात.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं.

मी सात वर्षांची असेन. मे महिना, रत्नागिरीकडचं आजोळ. मामेभावंडांबरोबर सड्यावर करवंदं काढायला गेले होते. एका जाळीवरून दुसऱ्या जाळीवर जाता जाता मागे पडले आणि कातळावर सगळ्या दिशा सारख्या झाल्या. ऊन उतरलं तशी हाक आली. आईची होती, मला ओळखू आली. मी जाळीआड बसून राहिले. परकराचा काठ फाटला होता, आणि त्या आवाजात मार होता. किती वेळ ते आठवत नाही. अंधार पडला होता हे आठवतं.

*

काल गोष्ट संपली. ट्रिशा इस्पितळात आहे, न्यूमोनिया झालाय. सगळे भोवती आहेत. तिला बोलवत नाही. ती वडिलांना टोपी मागते आणि मग बोट वर करते, टॉम गॉर्डनसारखं. वडिलांना कळतं.

आई बराच वेळ काही म्हणाली नाही. मग मीच सांगून टाकलं. करवंदीच्या जाळीचं. हाक ऐकू येत होती, मी ओ दिली नाही, हे. पन्नासएक वर्षांत मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

‘ठाऊक आहे मला’, आई म्हणाली.

‘कसं?’

‘तुझा मोठा मामा होता ना बरोबर. तो म्हणाला, ताई, अशी ओरडलीस तर पोर असेल तिथे दडून बसेल. मग मी थांबले. जरा श्वास घेतला. आणि परसातून रोज मारते तशी हाक मारली. जेवायला ये गो, भात निवतोय.’

‘मग?’

‘मग आलीस.’